हैदराबादचा प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय समाज

गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला महाविद्यालयाच्या प्रांगणात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन झाले. त्यानंतरच्या तासाला राज्यशास्त्राच्या सरांनी आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्रकरण सुरू केले. "आंतरराष्ट्रीय समाजाने निषेध केला", "आंतरराष्ट्रीय समाजाने मान्यता दिली" अशी वाक्ये त्या तासाला पुष्कळदा आली आणि मी ती इमानाने वहीत उतरवून घेतली. शनिवारी एस.टी.ने लातूरजवळच्या आमच्या गावी गेले. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नेहमीप्रमाणे विचारले, "काय शिकीवलं गं?" मी मोठ्या ऐटीत तो शब्द सांगितला. आबा शाळेत गेलेले नाहीत. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "समाज म्हंजी आपल्या गावकीवानीच का? मंग त्यो बसतो कुठं? अन् तेचा पाटील कोन?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. घरच्या प्रश्नाला पुस्तकातले उत्तर देता येऊ नये याची मला लाज वाटली. नांदेडला परतल्यावर ग्रंथालयात जे वाचले, सरांना विचारून जे समजले, ते आबांना सांगता येईल अशा भाषेत मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. उदाहरण शोधायला दूर जावे लागले नाही. ते आपल्याच भूमीचे आहे.

समाज कशाला म्हणायचे?

आबांची गावकीची उपमा तशी चुकीची नाही. जुन्या गावात लिहिलेला कायदा नव्हता, तरी व्यवहार चालत. बांध कोणाचा, पाणी कोणाचे, लग्नात मान कोणाचा, हे रूढीने ठरलेले असे. राष्ट्राराष्ट्रांमधील कायदाही असाच, निम्मा रूढीने आणि निम्मा करारांनी बनलेला आहे. त्याचा अंमल करणारा एकच एक पाटील नाही. या समाजातील सर्व सदस्य कायद्याने समान मानले जातात आणि एकाने दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करू नये असा दंडक आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या दुसऱ्या कलमात हे दोन्ही नियम आहेत.

परंतु गावकीत आणखी एक गोष्ट असे. गावकुसाबाहेर राहणारे लोक गावासाठी राबत, पण बैठकीत त्यांना जागा नसे. त्यांच्याविषयी निर्णय होत, त्यांना विचारून होत नसत. आंतरराष्ट्रीय समाजाचे पारंपरिक स्वरूप नेमके असेच होते. तो राज्यांचा समाज होता, माणसांचा नव्हता. राज्य कशाला म्हणावे याची कसोटी १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात दिलेली आहे : स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. या चार गोष्टी असतील तो आत, नसतील तो बाहेर. लोकसंख्या हवी असे ही कसोटी म्हणते. त्या लोकसंख्येला काय हवे आहे, असे ती विचारत नाही.

निजामाचा दावा

हैदराबाद संस्थान लहान नव्हते. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल आणि १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी ६३ लाख. स्वतःचे नाणे, स्वतःची रेल्वे, स्वतःचे सैन्य. आजचा नांदेड जिल्हा त्यात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिश राजाची संस्थानांवरील अधिसत्ता संपली. त्यासरशी आपण स्वतंत्र झालो, अशी निजाम मीर उस्मान अली खान यांची भूमिका होती. भारताचे म्हणणे असे की, चारी बाजूंनी भारताने वेढलेले आणि कधीही सार्वभौम नसलेले संस्थान अधिसत्ता संपली म्हणून एका रात्रीत राष्ट्र होत नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दोघांत एक वर्षासाठी "जैसे थे" करार झाला. पण करार कागदावर राहिला. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीची रझाकार संघटना गावोगाव धुमाकूळ घालू लागली. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते आणि कार्यकर्ते सरहद्दीवरील कॅम्पांतून लढत होते. आमचे पणजोबा बैलगाडीत बायकापोरे घालून बार्शीकडे निघून गेले ते याच काळात. आबा तेव्हा आठ वर्षांचे होते.

पॅरिसमधील बैठक

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने तारेने सुरक्षा समितीकडे तक्रार केली. आधार होता सनदेच्या ३५ व्या कलमाचा. त्यातील दुसऱ्या परिच्छेदानुसार राष्ट्रसंघाचे सदस्य नसलेले राज्यही आपला तंटा समितीपुढे मांडू शकते. या परिच्छेदातील सारा जोर "राज्य" या एका शब्दावर आहे. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ सप्टेंबरला सुरक्षा समितीची बैठक पॅरिसला भरली, कारण त्या वर्षी आमसभेचे अधिवेशन तेथे व्हावयाचे होते. हैदराबादतर्फे नवाब मोईन नवाज जंग आणि भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार उभे होते.

मुदलियारांचा मुख्य मुद्दा एकच होता : हैदराबाद हे राज्य नाही, त्यामुळे त्याला या दारात उभे राहण्याचाच अधिकार नाही, हा भारताच्या घरातील प्रश्न आहे. समितीने विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. बाजूने ८ मते पडली आणि चीन, सोव्हिएट रशिया व युक्रेन तटस्थ राहिले. मात्र विषय पत्रिकेवर घेतला म्हणजे हैदराबादला राज्य मानले असे नव्हे, हेही सदस्यांनी स्पष्ट ठेवले.

दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. १८ तारखेला हैदराबादचे सेनापती एल् एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. २२ तारखेला निजामाने तार करून आपली तक्रार मागे घेतली. पुढे पाकिस्तानच्या आग्रहामुळे मे १९४९ मध्ये या विषयावर पुन्हा भाषणे झाली. पण सुरक्षा समितीने या प्रश्नावर एकही ठराव केला नाही. विषय मात्र समितीच्या यादीत वर्षानुवर्षे पडून राहिला. आपल्या गावच्या जुन्या फिर्यादीसारखाच : निकाल नाही आणि फाईलही बंद नाही.

येथे एक विलक्षण योगायोग सांगितला पाहिजे. ज्या १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, त्याच दिवशी जेरुसलेममध्ये राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा खून झाला. आपल्या सेवकाच्या मृत्यूबद्दल राष्ट्रसंघ स्वतः भरपाई मागू शकतो काय, असा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. ११ एप्रिल १९४९ च्या अभिप्रायात न्यायालयाने सांगितले की, राष्ट्रसंघ हे राज्य नसले तरी त्याला कायद्याने स्वतःचे व्यक्तित्व आहे. सनद करणारी पन्नास राज्ये आंतरराष्ट्रीय समाजातील फार मोठ्या बहुसंख्येचे प्रतिनिधित्व करीत होती, म्हणून हे व्यक्तित्व सनदेबाहेरच्या राज्यांनाही मानावे लागते, असे त्यामागचे कारण दिले. राज्य नसलेल्या कोणालातरी या समाजात जागा आहे, हे तेव्हा इतक्या स्पष्टपणे मान्य झाले. एक दार किलकिले झाले. पण त्यातून आत गेली ती संस्था. माणूस अजून बाहेरच होता.

जे पॅरिसला बोलले गेले नाही

मुदलियार आणि मोईन नवाज जंग, दोघेही विद्वान होते. त्यांच्या वादाचा विषय होता राज्य, अधिसत्ता, करार आणि अधिकार. परंतु त्या १ कोटी ६३ लाख लोकांतर्फे बोलायला तेथे कोणी नव्हते. निजामाचे शिष्टमंडळ लोकांनी निवडलेले नव्हते. संस्थानात जबाबदार राज्यपद्धती नव्हती आणि ती मागणारे तुरुंगात होते. ज्या सनदेवर हा वाद चालला तिची सुरुवात मात्र राज्यांच्या नावाने नव्हे, लोकांच्या नावाने होते!

मी हे सारे आबांना सांगितले तेव्हा ते उठून ओसरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती आमच्या घरात मी तोपर्यंत कधी ऐकली नव्हती. आमच्या घरामागे एक पिंजाऱ्याचे कुटुंब राहत असे. गावच्या गाद्या आणि दुलया तोच पिंजून देई. आम्ही बार्शीला निघालो तेव्हा आमच्या घराची किल्ली पणजोबांनी त्याच्याच हाती दिली होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर महिन्याभराने हे लोक परत आले. आमचे घर रझाकारांनी लुटलेले होते. पिंजाऱ्याचे दार उघडे होते आणि आत माणूस नव्हते. भिंतीवर त्याची कापूस पिंजण्याची कमान तशीच टांगलेली होती. तो कोठे गेला हे गावात कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. आबा म्हणाले, "रझाकारात आमी पळालो. नंतर ती पळाली का मारली, काय ठावं. आमाला कुनं इचारलं? अन् तेनला तरी कुनं?"

ही केवळ आमच्या गावची गोष्ट नाही. रझाकारांच्या अत्याचारानंतर सूड उगवला गेला आणि त्यात अनेक निरपराध मुसलमान कुटुंबे बळी पडली. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबर १९४८ पर्यंत संस्थानात हिंडली. मृतांचा आकडा कमीत कमी २७ ते ४० हजार असावा असा अंदाज तिने दिला. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे तिने नमूद केले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूरचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे आहे. भारतीय सैनिकांनी अनेक ठिकाणी लोकांचे रक्षण केले हे त्या अहवालात आहे आणि काही ठिकाणी ते लुटीत व हत्येत सामील झाले हेही आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही; दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात तो पाहता येऊ लागल्याचे २०१३ मध्ये सर्वांना कळले.

कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. मराठवाडा मुक्त झाला हे योग्यच झाले आणि १७ सप्टेंबरचा झेंडा मी अभिमानानेच पाहते. रझाकारांनी जे केले त्याचे आमच्या घराने सोसले आहे. पण ज्याने आमची किल्ली सांभाळली त्याच्याविषयी दोन शब्द न लिहिता या विषयावरचा लेख पुरा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

पैशाचा खटला

माणसांची दखल घेतली गेली नाही, पण त्याच सप्टेंबरातील एका रकमेची गोष्ट निराळी आहे. २० सप्टेंबर १९४८ च्या सुमारास लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबादच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधील हायकमिशनर रहिमतुल्ला यांच्या नावे गेले. निजामाने ते परत मागितले. १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, या पैशावर पाकिस्तान या सार्वभौम राज्याचा हक्क सांगितला जात आहे आणि एका सार्वभौम राज्याला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या न्यायालयात खेचता येत नाही. खटला तेथेच अडला. २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा लावला तेव्हा हे संरक्षण सुटले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निजामाचे दोन वारस आणि भारत यांच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत रक्कम वाढून सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती.

९ शिलिंगांचासुद्धा हिशेब ७१ वर्षे राहिला. आंतरराष्ट्रीय कायद्याला स्मरणशक्ती नाही असे कोणी म्हणू नये. ती आहे, पण राज्यांच्या मालमत्तेविषयी ती जितकी तल्लख आहे तितकी माणसांविषयी त्या काळी नव्हती.

दार उघडू लागले

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या पॅरिसमध्ये हैदराबादवर भाषणे झाली, तेथेच तीन महिन्यांच्या आत आमसभेने दोन मोठी कामे केली. ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविरोधी करार आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. तेव्हाच्या ५८ सदस्यांपैकी ४८ राज्यांनी जाहीरनाम्याला मत दिले, विरोधी कोणी नव्हते आणि ८ तटस्थ राहिले. त्याच्या पहिल्या कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ होईल अशी शब्दरचना घातली जात होती. ती बदलून "सर्व मानव" असे करावे, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. एक मुलगी म्हणून मला हे वाचून बरे वाटले. मात्र ज्या डिसेंबरात तिकडे हे मतदान झाले, त्याच डिसेंबरात सुंदरलाल समिती इकडे आमच्या जिल्ह्यांतून मेलेल्यांची मोजदाद करीत होती.

पुढे शब्दाचा अर्थ हळूहळू रुंद होत गेला. १९६९ च्या व्हिएन्ना कराराने मान्य केले की, काही नियम समग्र आंतरराष्ट्रीय समाजाने असे मानलेले आहेत की दोन राज्यांनी आपसात करार करूनही ते मोडता येत नाहीत. १९७० मध्ये बार्सिलोना ट्रॅक्शन खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की, आक्रमण, वंशसंहार, गुलामगिरी आणि वंशभेद यांसारख्या बाबतींत प्रत्येक राज्याचे कर्तव्य सर्व समाजाप्रती असते आणि ते पाळले जावे यात सर्वांचेच हित गुंतलेले असते. सोप्या भाषेत, शेजाऱ्याच्या घरात खून होत असेल तर "आमचा काय संबंध" असे म्हणता येत नाही. २०१९ मध्ये आफ्रिकेतील गांबियाने दूरच्या म्यानमारवर रोहिंग्यांच्या प्रश्नी वंशसंहारविरोधी करारान्वये दावा लावला. गांबियाचे स्वतःचे काही नुकसान झालेले नव्हते. तरीही २२ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्याचा दावा लावण्याचा हक्क मान्य केला. १९४८ मध्ये विचारले जात होते, "तू राज्य आहेस काय?" आज निदान काही प्रश्नांत, "कोणावर अन्याय झाला?" असेही विचारले जाते.

तरीही फार हुरळून जाण्याचे कारण नाही. दावा लावला तो एका राज्यानेच. रोहिंग्या स्वतः त्या न्यायालयाच्या दारात उभे राहू शकत नाहीत. सुरक्षा समितीत पाच राज्यांना नकाराधिकार आहे, तो आहेच.

किल्लारीचा अनुभव

आंतरराष्ट्रीय समाजाचे आणखी एक रूप लातूर जिल्ह्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली. माझ्या आईचे माहेर त्या भागातले. ती तेव्हा दहा वर्षांची होती. कोणत्या देशाचे ते माहीत नसलेले एक राखी घोंगडे तिच्याकडे अजून आहे. देशोदेशींहून मदत आली आणि जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. गावेच्या गावे नव्या जागी वसली.

कायद्याच्या दृष्टीने या मदतीला काय म्हणावे? ती सदिच्छा होती, हक्क नव्हता. आपत्तीत सापडलेल्या माणसांच्या संरक्षणासंबंधी आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१६ मध्ये मसुदा केला. त्यातही बाहेरची मदत त्या राज्याच्या संमतीनेच यावी, मात्र राज्याने मनमानी करून ती नाकारू नये, असे सांगितले आहे. म्हणजे किल्ली राज्याच्याच हाती, पण दार विनाकारण बंद ठेवू नये एवढे बंधन. आईच्या घोंगड्याला मात्र यातले काही ठाऊक नाही. ते कोणा अनोळखी माणसाने दिले आणि ते उबदार आहे. समाज या शब्दाचा अर्थ मला त्या घोंगड्यात जास्त कळतो.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना मी उत्तर दिले. हा समाज एका ठिकाणी बसत नाही, त्याचे १९३ सदस्य आहेत आणि त्याला पाटील नाही. पूर्वी तो फक्त सरकारांचा होता. आता माणसांचाही होऊ लागला आहे, पण अजून पुरता झालेला नाही. आबांनी सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मंग त्या युनोत पिंजाऱ्याचं नाव निघालं का न्हाई?"

"नाही आबा," मी म्हणाले, "त्याचे नाही निघाले. आपलेही नाही."

"मंग तू लिव्ह," आबा म्हणाले.

म्हणून हा लेख लिहिला. त्या पिंजाऱ्याचे नाव आबांना आठवत नाही, नाहीतर तेही लिहिले असते.